आईने अंड्यात ठेवलेली शिदोरी : बेडकाच्या भ्रूणात ऊतींची जनुके कशी जागी होतात?

बेडकाचे फलित अंडे ही अवघी एक पेशी असते. या एका पेशीपासून तीन-चार दिवसांत पोहणारा बेडूकमासा तयार होतो. त्याच्या अंगात रक्त खेळत असते, शेपटीचे स्नायू हलत असतात, आतड्याला वेटोळे पडू लागलेले असते. रक्तपेशी, स्नायुपेशी आणि आतड्याची पेशी या तिघींच्या केंद्रकात जनुकांचा संच मात्र एकच असतो. असे असताना हिमोग्लोबिनचे जनुक रक्तातच का चालते, ॲक्टिनचे एक विशिष्ट जनुक स्नायूतच का चालते आणि ही वाटणी प्रथम कोण करते, हा भ्रूणशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे.

गेल्या चार दशकांतील संशोधनातून या प्रश्नाचे जे उत्तर हाती आले आहे, ते थोडे अनपेक्षित आहे. वाटणीची पहिली आज्ञा भ्रूणाची स्वतःची जनुके देत नाहीत. ती आज्ञा फलनापूर्वीच, अंडे मातेच्या अंडाशयात वाढत असताना, अंड्यात ठेवली गेलेली असते. प्रथिने आणि संदेशवाहक आरएनए यांच्या रूपातील ही शिदोरी भ्रूणाला पहिले काही तास पुरते. त्यातीलच काही प्रथिने पुढे भ्रूणाच्या निद्रिस्त जनुकांना जाग आणतात. या प्रथिनांना 'मातृदत्त प्रतिलेखन घटक' असे म्हटले जाते.

प्रतिलेखन घटक म्हणजे काय?

जनुक हा डीएनएच्या लांबलचक रेणूचा एक भाग होय. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होते, तिला प्रतिलेखन म्हणतात. या नकलेबरहुकूम पेशी प्रथिन तयार करते. कोणत्या जनुकाची नक्कल केव्हा, कोठे आणि किती करावयाची, हे ठरविणारी प्रथिने म्हणजे प्रतिलेखन घटक. जनुकाच्या शेजारी, तर कधी बऱ्याच अंतरावर, डीएनएच्या छोट्या नियंत्रक पट्ट्या असतात. प्रतिलेखन घटक या पट्ट्या ओळखून त्यांना चिकटतात. काही घटकांच्या चिकटण्याने जनुक सुरू होते, तर काहींच्या चिकटण्याने ते दबून राहते.

या घटकांशी बेडकाचे नाते जुने आहे. 'टीएफ-थ्री-ए' हा शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आलेल्या सुरुवातीच्या प्रतिलेखन घटकांपैकी एक. तो १९८० मध्ये बेडकाच्या अपक्व अंडपेशींतूनच मिळाला. त्याच्या रचनेचा अभ्यास करताना केंब्रिज येथील ॲरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८५ मध्ये जस्ताच्या अणूभोवती वळलेले बोटांसारखे भाग आढळले. 'झिंक फिंगर' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. माणसातील प्रतिलेखन घटकांचा सर्वांत मोठा गट याच रचनेचा आहे.

झेनोपसचीच निवड का?

या संशोधनात वापरला जाणारा बेडूक म्हणजे आपल्याकडे महाविद्यालयीन विच्छेदनामुळे अनेकांच्या परिचयाचा झालेला 'राना टायग्रिना' नव्हे. तो आहे दक्षिण आफ्रिकेतील नखे असलेला पाणबेडूक, 'झेनोपस लेव्हिस'. प्रयोगशाळेत त्याचा प्रवेश झाला तो वैद्यकामुळे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉग्बेन हे केपटाऊन येथे संप्रेरकांवर काम करीत असताना, या बेडकीला पोषग्रंथीचा अर्क टोचला की ती अंडी घालते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून गर्भनिदानाची चाचणी बेतण्यात आली. स्त्रीचे मूत्र बेडकीला टोचावयाचे. स्त्री गर्भवती असल्यास बेडकी काही तासांत अंडी घालते. रासायनिक चाचण्या येईपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, ही पद्धत अनेक देशांत वापरात होती.

त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत हे बेडूक पोहोचले आणि भ्रूणशास्त्रज्ञांना हवे तेव्हा अंडी देणारा प्राणी मिळाला. मादी एका वेळी शेकडो, कधी हजारांहून अधिक अंडी घालते. अंड्याचा व्यास सुमारे सव्वा मिलिमीटर असतो, म्हणजे माणसाच्या अंडपेशीच्या दहापटींहून अधिक. फलन व वाढ शरीराबाहेर, उघड्या पाण्यात होते. अंड्यात सूक्ष्म सुईने द्रव्ये टोचता येतात आणि भ्रूणाचे तुकडे कापून वेगळे वाढवता येतात. 'झेनोपस ट्रॉपिकॅलिस' या लहान जातीचा जनुकसंच २०१० मध्ये, तर 'लेव्हिस'चा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जुन्या प्रयोगांना जनुकांच्या पूर्ण यादीची जोड मिळाली.

संच तोच, चालक वेगळे

पेशी विशेषीकृत होताना नको असलेली जनुके टाकून देते, अशी एक कल्पना पूर्वी मांडली जात असे. ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन यांनी ती खोडून काढली. त्यांनी झेनोपसच्या बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशींची केंद्रके काढून, ज्यांचे स्वतःचे केंद्रक निकामी केले होते अशा अंड्यांत बसवली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ७२६ अंड्यांपैकी १० अंड्यांतून निरोगी बेडूकमासे निघाले. प्रमाण जेमतेम दीड टक्का होते, तरीही निष्कर्ष स्पष्ट होता. आतड्याच्या पेशीत रक्ताची, स्नायूंची आणि डोळ्याची जनुके शाबूत होती. फक्त ती बंद होती. अंड्यातील पेशीद्रवाने ती पुन्हा उघडली. या कार्यासाठी गर्डन यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जपानचे शिन्या यामानाका यांच्यासमवेत देण्यात आले.

अंड्याच्या पेशीद्रवात असे काय सामर्थ्य आहे, हा पुढचा प्रश्न होता. त्याची एक चुणूक १९६४ मध्येच मिळाली होती. डोनाल्ड ब्राऊन आणि गर्डन यांनी रायबोसोमचा आरएनए तयार करण्याची क्षमताच नसलेल्या झेनोपस भ्रूणांचा अभ्यास केला. रायबोसोम हे पेशीतील प्रथिने घडविणारे कारखाने होत. स्वतःचा एकही कारखाना उभारू न शकणारे हे भ्रूण लगेच मरायला हवे होते. प्रत्यक्षात ते पोहण्याच्या अवस्थेपर्यंत जगले आणि मगच मेले. तोपर्यंत ते केवळ मातेने अंड्यात ठेवलेल्या रायबोसोमवर चालले होते.

शिदोरी जागेवारी ठेवलेली

ही शिदोरी अंड्यात सर्वत्र सारखी पसरलेली नसते. झेनोपसच्या अंड्याचा वरचा अर्धा भाग काळसर तपकिरी असतो, खालचा अर्धा भाग पिवळसर आणि बलकाने जड झालेला असतो. वरच्या भागापासून पुढे त्वचा व मज्जासंस्था म्हणजे बाह्यस्तर होतो. खालच्या भागापासून अन्नमार्ग, यकृत, स्वादुपिंड म्हणजे अंतःस्तर. आणि मधल्या पट्ट्यापासून स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंड म्हणजे मध्यस्तर.

वरच्या व खालच्या टोकांना निरनिराळे संदेशवाहक आरएनए ठेवलेले असतात, हे १९८५ मध्ये हार्वर्ड येथील डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. खालच्या टोकाशी सापडलेल्या एका आरएनएला 'व्हीजी-वन' हे नाव मिळाले. अंडे विभागू लागले की प्रत्येक पेशीच्या वाट्याला अंड्याच्या त्या त्या भागातील पेशीद्रव येते. तळाशी ठेवलेला आरएनए तळाच्या पेशींनाच मिळतो. एकसारखी जनुके असलेल्या पेशींमधील पहिला भेद असा उत्पन्न होतो.

सहा तासांची शांतता

फलनानंतर साधारण दीड तासाने अंड्याचे पहिले विभाजन होते. त्यानंतर सुमारे २२ ते २३ अंश सेल्सिअस तापमानात दर अर्ध्या तासाला एक, अशी विभाजने होत जातात. सर्व पेशी जणू एकाच ठेक्यावर विभागतात. पेशी वाढत नाहीत, केवळ लहान होत जातात. या काळात भ्रूणाची बहुतेक सर्व जनुके मूक असतात.

बारा विभाजने झाली, पेशींची संख्या चार हजारांच्या आसपास गेली, की चित्र पालटते. विभाजनाचा वेग मंदावतो, ठेका मोडतो, पेशी हालचाल करू लागतात आणि भ्रूणाची जनुके मोठ्या प्रमाणावर चालू होतात. तेव्हा फलनाला सहा-सात तास झालेले असतात. जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी १९८२ मध्ये या टप्प्याचे सविस्तर वर्णन केले. 'मध्य-ब्लास्टुला संक्रमण' या नावाने तो ओळखला जातो.

हा टप्पा नेमका त्याच वेळी का येतो, याचे उत्तरही मातेच्या शिदोरीतच आहे. अंड्यात हिस्टोन नावाच्या प्रथिनांचा मोठा साठा असतो. ही प्रथिने डीएनए गुंडाळून ठेवतात व जनुके दाबून धरतात. दर विभाजनाला डीएनए दुप्पट होतो, साठा मात्र तेवढाच राहतो. हिस्टोन एच-३ व एच-४ यांचे डीएनएच्या तुलनेतील प्रमाण घटत गेले की जनुकांवरील दाब सैलावतो, असे २०१५ मधील प्रयोगांनी दाखविले. डीएनएची प्रत काढण्यास लागणाऱ्या चार मातृदत्त प्रथिनांचा तुटवडा पडू लागल्याने विभाजने मंदावतात, हे त्याआधी २०१३ मध्ये दिसून आले होते. काही मोजकी जनुके मात्र या टप्प्याची वाट पाहत नाहीत. 'नोडल' गटातील दोन जनुके भ्रूण केवळ २५६ पेशींचा असतानाच चालू होतात.

साठा आटल्याने दार उघडते हे खरे. परंतु कोणत्या पेशीत कोणते दार उघडावयाचे, हे प्रतिलेखन घटक ठरवितात.

तळाचा सूत्रधार : व्हेज-टी

या घटकांपैकी सर्वाधिक अभ्यासलेला घटक म्हणजे 'व्हेज-टी'. १९९६ च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी तो स्वतंत्रपणे शोधून काढला व त्याला वेगवेगळी नावे दिली. त्याचा आरएनए अंड्याच्या तळाशी, पृष्ठभागालगत बांधलेला असतो. फलनानंतर त्यापासून प्रथिन तयार होते आणि ते तळाच्या पेशींतच राहते.

व्हेज-टीचे कार्य सिद्ध करणे सोपे नव्हते. भ्रूणाचे जनुक बिघडवून उपयोग नव्हता, कारण आरएनए आधीच अंड्यात आलेला असतो. यासाठी जॅनेट हीझमन आणि ख्रिस वायली यांच्या गटाने वापरलेली पद्धत मोठी कल्पक होती. मादीच्या अंडाशयातून अपक्व अंडपेशी काढून घ्यावयाच्या. व्हेज-टीच्या आरएनएला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा त्यांत टोचावयाचा. त्यामुळे तो आरएनए नष्ट होतो. मग या अंडपेशी पक्व करून, ओळखू याव्यात म्हणून रंगवून, दुसऱ्या एका मादीच्या उदरपोकळीत सोडावयाच्या. ती मादी आपल्या अंड्यांबरोबर या पाहुण्या अंड्यांवरही जेलीचे वेष्टण चढवून ती बाहेर टाकते. त्यानंतर त्यांचे फलन करता येते.

मेरी लू किंग यांच्या सहकार्याने झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेज-टी काढून घेतलेल्या भ्रूणात अंतःस्तरच तयार झाला नाही. जेथे आतडे व्हावयाचे, त्या तळाच्या पेशी मध्यस्तर व बाह्यस्तराच्या मार्गाला लागल्या. जेथे स्नायू व्हावयाचे, त्या मधल्या पट्ट्याने त्वचेचा मार्ग धरला. पेशी मेल्या नव्हत्या, जनुकेही शाबूत होती. मातेने ठेवलेला एक संदेश नाहीसा होताच संपूर्ण शरीराचा आराखडा एक पायरी सरकला.

व्हेज-टी दोन मार्गांनी काम करतो. पहिला मार्ग पेशीच्या आतला. तळाच्या पेशींत तो 'सॉक्स-१७', 'गाटा' आणि 'मिक्स' या गटांतील जनुके चालू करतो. ही जनुके स्वतः प्रतिलेखन घटकच घडवितात. अंतःस्तराच्या पेशींना आतड्याची, यकृताची वाट दाखविणारी ही दुसरी फळी होय. दुसरा मार्ग पेशीबाहेरचा. व्हेज-टी 'नोडल' गटातील जनुकेही चालू करतो. त्यांची प्रथिने पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशींना संदेश देतात. हा संदेश मिळालेला मधला पट्टा मध्यस्तर बनतो. तळाच्या पेशी वरच्या पेशींना मध्यस्तर बनवितात, हे नेदरलँड्सचे पीटर न्यूकूप यांनी १९६९ मध्ये दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून दाखविले होते. त्या निरीक्षणामागचा रेणू तीन दशकांनंतर हाती आला.

पाठ कोणती, पोट कोणते?

वर आणि खाली एवढ्याने शरीर बनत नाही. पाठ व पोट यांची दिशाही ठरावी लागते. शुक्रपेशी अंड्याच्या वरच्या भागात एका बाजूने शिरते. त्यानंतर पहिल्या विभाजनापूर्वीच अंड्याचा बाह्य थर आतल्या गाभ्यावरून सुमारे ३० अंशांनी सरकतो. तळाशी असलेले काही मातृदत्त घटक त्यामुळे शुक्रपेशीच्या प्रवेशबिंदूच्या समोरच्या बाजूला ओढले जातात. तीच पुढे पाठीची बाजू होते. तळावर अतिनील किरण सोडून हे सरकणे थांबवले, तर भ्रूणाला ना पाठीचा कणा येतो ना डोके. नुसता पोटाचा गोळा तयार होतो.

पाठीच्या बाजूला या घटकांमुळे 'बीटा-कॅटेनिन' हे मातृदत्त प्रथिन नष्ट होण्यापासून वाचते व केंद्रकात साचते. ते स्वतः डीएनएला चिकटत नाही. आधीपासून डीएनएवर बसलेल्या 'टीसीएफ' गटातील घटकाशी ते हातमिळवणी करते आणि 'सियामॉय' हे जनुक चालू होते. गर्डन यांच्या प्रयोगशाळेत १९९५ मध्ये सापडलेल्या या जनुकाचे नाव सयामी जुळ्यांवरून पडले आहे. कारण भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला ते टोचले, की तेथे दुसरी पाठ व दुसरे डोके तयार होते. जर्मनीतील हान्स स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी १९२४ मध्ये न्यूट या बेडकाच्या नातलग प्राण्यात शोधलेले 'संयोजक' केंद्र झेनोपसमध्ये उभे राहते, ते याच मार्गाने.

अशा रीतीने वर-खाली आणि पाठ-पोट या दोन्ही दिशांच्या खुणा मातेकडून येतात. त्या जेथे एकमेकींना छेदतात, तेथे वेगवेगळ्या घटकांची वेगवेगळी जुळणी होते. ऊतींची जनुके या जुळण्या वाचतात. एकटा घटक सहसा निर्णय करीत नाही.

रक्ताचे जनुक आणि अडकवून ठेवलेला घटक

सर्वच मातृदत्त घटक जागेवारी ठेवलेले नसतात. काहींचे नियंत्रण जागेने नव्हे, तर वेळेने होते. रक्तनिर्मितीच्या मुळाशी असलेल्या 'गाटा-२' या जनुकाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. हे जनुक चालू करणारा 'सीबीटीएफ' नावाचा मातृदत्त घटक अंड्यात पहिल्यापासून हजर असतो, तरीही जनुक कित्येक तास बंद राहते. हा घटक पेशीद्रवात मातृदत्त आरएनएला बांधून ठेवलेला असतो, असे ब्रिटनमधील पोर्टस्मथ विद्यापीठातील मॅट गिल यांच्या गटाने २००० मध्ये दाखविले. भ्रूणाच्या वाढीबरोबर मातेकडून आलेला आरएनए नष्ट होऊ लागतो. तेव्हा घटकाचे बंधन सुटते, तो केंद्रकात शिरतो आणि गाटा-२ चालू होण्याची वाट मोकळी होते.

मातेच्या शिदोरीचे संपणे हाच येथे भ्रूणाच्या जनुकासाठी इशारा ठरतो. या जनुकाचे महत्त्व बेडकापुरते नाही. गाटा-२ नसलेले उंदराचे भ्रूण गंभीर रक्तक्षयाने गर्भातच मरतात, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. माणसात याच जनुकातील दोषामुळे प्रतिकारशक्ती खालावते व रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे २०११ मध्ये उघड झाले.

दार उघडण्यापूर्वी जागा राखून ठेवणारे

मातृदत्त घटक जनुके चालू होण्याच्या क्षणीच डीएनएवर येतात, असा समज होता. तोही बदलला आहे. 'फॉक्स-एच-१' हा मातृदत्त घटक भ्रूण अवघ्या ३२ पेशींचा असतानाच योग्य त्या नियंत्रक पट्ट्यांवर जाऊन बसतो, असे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील केन चो यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखविले. जनुके चालू होण्यास तेव्हा अनेक विभाजने बाकी असतात. फॉक्स-एच-१, व्हेज-टी आणि 'ओटीएक्स-१' हे तीन मातृदत्त घटक एकाच ठिकाणी जमले की अंतःस्तराच्या जनुकांसाठी प्रभावी नियंत्रक केंद्रे तयार होतात, असे याच गटाने २०१९ मध्ये नोंदविले.

त्याच वर्षी लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील जिम स्मिथ यांच्या गटाने 'पीओयू-५-एफ-३' आणि 'सॉक्स-३' या दोन मातृदत्त घटकांचे काम उलगडले. घट्ट गुंडाळलेला डीएनए हे घटक ठिकठिकाणी सैल करतात. नोडलसारखे संदेश पुढे येऊन पोहोचतात, तेव्हा प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या आधीच उघड्या असतात. हे दोन घटक ज्या कुळांतील आहेत, त्याच कुळांतील 'ऑक्ट-४' आणि 'सॉक्स-२' यांचा वापर यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींना पुन्हा भ्रूणपेशींसारखे बनविण्यासाठी केला होता. गर्डन यांच्या अंड्याने केंद्रकावर केलेली किमया आणि यामानाका यांनी बशीत केलेली किमया यांचे मूळ असे जवळचे आहे.

आज्ञेपासून ऊतीपर्यंत

मातृदत्त घटक स्नायूचे किंवा आतड्याचे अंतिम जनुक क्वचितच थेट चालू करतात. मधे दोन-तीन पायऱ्या असतात. स्नायूचे उदाहरण घेतल्यास व्हेज-टी नोडल चालू करतो, नोडलचा संदेश मध्यस्तर घडवितो, मध्यस्तराच्या ठरावीक भागात 'मायो-डी' हा भ्रूणाचा स्वतःचा प्रतिलेखन घटक तयार होतो आणि त्यानंतर स्नायूतील ॲक्टिनचे जनुक चालते. हे ॲक्टिनचे जनुक केवळ भावी स्नायूंच्या भागातच चालू होते, हे झेनोपसमध्ये १९८४ सालीच दिसून आले होते. या साखळीत मातृदत्त घटक पहिला धक्का देतात आणि हळूहळू नाहीसे होतात. पुढची सूत्रे भ्रूणाच्या हाती जातात.

माणसाशी संबंध काय?

माणसाचा भ्रूण म्हणजे बेडकाचा भ्रूण नव्हे. सस्तन प्राण्यांत व्हेज-टीची भूमिका बजावणारे, अंड्याच्या तळाशी बांधलेले प्रथिन नाही. माणसाच्या भ्रूणाची जनुके चार ते आठ पेशींच्या टप्प्यावरच मोठ्या प्रमाणात जागी होतात. तत्त्व मात्र तेच आहे. फळमाशीत 'झेल्डा', झेब्राफिशमध्ये 'पीओयू-५-एफ-३', 'नॅनॉग' आणि 'सॉक्स' कुळातील घटक, अशी जाग आणणारी मातृदत्त प्रथिने निरनिराळ्या प्राण्यांत आढळली आहेत. नोडल आणि सॉक्स-१७ ही पुढची फळी तर माणसातही कार्यरत असते.

या ज्ञानाचा उपयोग वैद्यकात होत आहे. बेडकाच्या भ्रूणातील मध्यस्तर घडविणारी द्रव्ये शोधताना 'ॲक्टिव्हिन' या नोडलसदृश प्रथिनाचे सामर्थ्य ध्यानात आले होते. त्याच ॲक्टिव्हिनच्या साह्याने २००५ मध्ये मानवी मूलपेशींना अंतःस्तराच्या मार्गावर वळविण्यात आले. त्या मार्गाने पुढे इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी तयार करण्यात यश आले. बेडकाच्या अंड्यात व्हीजी-वन शोधणारे डग्लस मेल्टन हेच २०१४ मध्ये अशा पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते. अशा पेशींच्या मधुमेही रुग्णांवरील चाचण्याही त्यानंतर झाल्या.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. काही स्त्रियांची गर्भधारणा वारंवार निष्फळ ठरते. भ्रूणाऐवजी द्राक्षगर्भ तयार होतो. अशा काही कुटुंबांत स्त्रीच्या 'एनएलआरपी-७' या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, हे २००६ मध्ये आढळले. 'टीएलई-६' या जनुकातील दोष असलेल्या स्त्रियांचे भ्रूण पहिल्या विभाजनांच्या वेळीच थांबतात, हे २०१५ मध्ये दिसले. ही प्रथिने व्हेज-टीसारखे प्रतिलेखन घटक नव्हेत. परंतु तीही अंड्यात ठेवल्या जाणाऱ्या शिदोरीचाच भाग आहेत. अशा काही स्त्रियांना दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या अंडपेशीमुळे अपत्यप्राप्ती झाल्याच्या नोंदी आहेत.

अपत्य न होण्याचा ठपका स्त्रीच्या वागण्यावर, खाण्यापिण्यावर किंवा नशिबावर ठेवण्याची प्रथा आपल्या समाजात अद्याप पुरती गेलेली नाही. उपरोक्त दोष मात्र जन्मजात असतात. ती अंडपेशी त्या स्त्रीच्या शरीरात, ती स्वतः तिच्या आईच्या गर्भात असतानाच घडू लागलेली असते. हे निदान हाती असेल, तर दोषारोपाच्या जागी उपचाराची चर्चा होऊ शकते. सव्वा मिलिमीटरच्या बेडकाच्या अंड्यावर झालेल्या या कामाचे मोल त्या दृष्टीनेही मोठे आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९२४ : स्पेमान व मँगोल्ड यांच्याकडून न्यूटमध्ये संयोजकाचा शोध.

१९६२ : आतड्याच्या केंद्रकापासून बेडूकमासा, गर्डन यांचा प्रयोग.

१९६९ : तळाच्या पेशी मध्यस्तर घडवितात, हे न्यूकूप यांचे निरीक्षण.

१९८२ : मध्य-ब्लास्टुला संक्रमणाचे सविस्तर वर्णन.

१९८५ : अंड्यात जागेवारी ठेवलेल्या आरएनएचा शोध, झिंक फिंगर रचनेची मांडणी.

१९९८ : व्हेज-टीवाचून अंतःस्तर नाही, हे सिद्ध.

२००० : गाटा-२ चालू करणारा घटक आरएनएला बांधलेला असतो, हे स्पष्ट.

२०१० : झेनोपस ट्रॉपिकॅलिसचा जनुकसंच प्रसिद्ध.

२०१७-१९ : जनुके जागी होण्यापूर्वीच मातृदत्त घटक डीएनएवर जागा राखतात, याचा पुरावा.